‘हिरवा कंदील’ : रेल्वे-संकेतांच्या इतिहासातील अर्थनिश्चितीचा प्रश्न

एखाद्या योजनेस वरिष्ठांची संमती मिळाली म्हणजे तिला ‘हिरवा कंदील’ मिळाला, असे म्हणण्याचा मराठीत प्रघात आहे. हा वाक्प्रचार आगगाडीच्या व्यवहारातून भाषेत आला, हे उघड आहे. परंतु ज्या देशात सार्वजनिक आगगाडी प्रथम रूढ झाली, तेथील आरंभीच्या संकेतपद्धतीत हिरव्या कंदिलाचा अर्थ ‘निर्धास्त जा’ असा नव्हता, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या बहुतेक काळात लाल म्हणजे धोका, हिरवा म्हणजे सावधगिरी आणि पांढरा म्हणजे मार्ग मोकळा, असा संकेत चालत असे. पांढऱ्या दिव्याच्या अंगी दोन दोष होते. एक तर रुळांच्या आसपासच्या घरांचे व रस्त्यांचे दिवेही पांढरेच असत. त्यामुळे भलताच दिवा सिग्नलचा समजला जाण्याची भीती असे. दुसरा दोष अधिक गंभीर होता. लाल काच फुटून पडली, तर मागचा दिवा पांढरा दिसे आणि मोडलेला धोक्याचा सिग्नल ‘मार्ग मोकळा आहे’ असे सांगू लागे. शतकाच्या अखेरच्या दशकात इंग्लंडमधील कंपन्या पांढरा सोडून हिरव्याकडे वळू लागल्या, त्याचे कारण या दोषांत आहे. हिरव्याचा अर्थ बदलल्यावर सावधगिरीसाठी पुढे पिवळा रंग आला.

रंगांच्या या लहानशा इतिहासात रेल्वे-संकेतांच्या साऱ्या इतिहासाचे मर्म साठवलेले आहे. संदेश कसा पाठवावा, हा प्रश्न तारायंत्राने लवकरच सोडविला. संदेशाचा अर्थ दोन्ही टोकांस एकच कसा राहील, आणि संदेश आलाच नाही तर त्या मौनाचा अर्थ काय घ्यावयाचा, हे प्रश्न सुटावयास मात्र पुष्कळ काळ लागला आणि त्यांचे मोल माणसांच्या प्राणांनी द्यावे लागले. प्रस्तुत लेखात या प्रश्नांची उकल कोणत्या क्रमाने होत गेली, याचा विचार केला आहे.

१. वेळेचे अंतर

आगगाडीच्या चालकास दोन गोष्टी करता येत नाहीत. समोर अडथळा दिसला तरी गाडी बाजूस वळविता येत नाही. आणि पोलादी रुळांवरून फिरणाऱ्या पोलादी चाकांना घर्षण फार थोडे मिळत असल्यामुळे, दिसल्याबरोबर गाडी थांबविताही येत नाही. वेगातील गाडी थांबण्यास लागणारे अंतर चालकाच्या दृष्टीच्या टप्प्याहून बहुधा अधिक असते. अर्थात डोळ्यांस न दिसणाऱ्या मार्गाची बातमी चालकास अन्य कोणीतरी पुरविणे अपरिहार्य ठरते. या अर्थाने रेल्वे हे जितके वाहतुकीचे साधन आहे तितकेच ते संदेशवहनाचे तंत्र आहे.

आरंभी ही बातमी घड्याळावर अवलंबून असे. एक गाडी निघून गेली की ठरावीक मिनिटे लाल निशाण दाखवावयाचे, त्यानंतरची काही मिनिटे सावधगिरीचे हिरवे निशाण, आणि तदनंतर मार्ग मोकळा समजावयाचा, अशी ही पद्धत होती. तिला ‘वेळेच्या अंतराची पद्धत’ म्हणता येईल. तिचा दोष तिच्या रचनेतच होता. पुढची गाडी कधी निघाली एवढेच घड्याळ सांगू शके. ती आता कोठे आहे, हे त्यास ठाऊक नसे. वाटेत एंजिन बिघडून गाडी थांबली, तरी दहा मिनिटांनंतर मागील स्थानकावर मार्ग मोकळाच ठरे. काहीच कळले नाही म्हणजे सर्व ठीक आहे, असे हे गृहीतक होते.

घड्याळावर विसंबावयाचे, तर घड्याळे तरी एक असावयास हवीत. ग्रेट वेस्टर्न रेल्वेने १८४० मध्ये आपल्या सर्व स्थानकांवर लंडनची वेळ लागू केली. ब्रिटनमध्ये कायद्याने एक वेळ ठरावयास १८८० साल उजाडले. हिंदुस्थानात १८७० च्या सुमारास रेल्वेसाठी मद्रासची वेळ स्वीकारण्यात आली. मुंबईची स्थानिक वेळ तिच्या सुमारे अर्धा तास मागे होती, त्यामुळे शहराची वेळ व गाडीची वेळ असा भेद मुंबईकरांना दीर्घकाळ सांभाळावा लागला. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ अमलात आल्यावरही, तिच्या ३९ मिनिटे मागे असलेली ‘मुंबई वेळ’ शहराच्या काही व्यवहारांत १९५५ पर्यंत तग धरून राहिली. एका शहरात दोन वेळा नांदल्या तर फार तर गाडी चुकते. एका रुळावर दोन वेळा नांदल्या तर गाड्यांची गाठ पडते. वेळेचे एकीकरण ही रेल्वेच्या दृष्टीने केवळ सोय नव्हती, याचे कारण हेच.

२. जागेचे अंतर

वेळेऐवजी जागेचे अंतर राखावे, ही कल्पना तारायंत्रामुळे शक्य झाली. विल्यम कुक व चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३७ मध्ये लंडनमधील यूस्टन व कॅम्डेन यांच्या दरम्यान रेल्वेच्या कडेनेच आपल्या तारायंत्राचा प्रयोग केला. तारायंत्र आणि रेल्वे यांचे साहचर्य असे प्रारंभापासूनचे आहे. १८४२ मध्ये कुक यांनी एक पुस्तिका प्रसिद्ध करून असे सुचविले की, रेल्वेमार्गाचे विभाग पाडावेत, प्रत्येक विभागाच्या दोन्ही टोकांस तारायंत्र असावे, आणि एका विभागात एका वेळी एकच गाडी असावी. पहिली गाडी विभागाबाहेर पडल्याची तार आल्यावाचून दुसरीस आत सोडावयाचे नाही. १८४४ मध्ये सुरू झालेल्या नॉरिच–यारमथ या मार्गावर ही कल्पना प्रत्यक्षात आणली गेली. आज जिला ‘ब्लॉक पद्धती’ म्हणतात, तिचे बीज हेच होय.

वेळेच्या पद्धतीहून या पद्धतीचे वेगळेपण एका मुद्द्यात आहे. येथे मौनाचा अर्थ उलट होतो. तार आली नाही, तर गाडी अद्याप आतच आहे असे समजावयाचे. चांगल्या बातमीचा अभाव हीच येथे वाईट बातमी ठरते.

एवढी सरळ कल्पना सर्वत्र स्वीकारली जावयास मात्र सुमारे अर्धशतक लागले. खर्च हे एक कारण होते. पण ते एकमेव नव्हते. अनेक संचालकांना असे प्रामाणिकपणे वाटे की, तारायंत्रावर भार टाकला तर एंजिन-चालकाची जबाबदारी हलकी होईल, त्याची दक्षता शिथिल होईल आणि अपघात उलट वाढतील. क्लेटनच्या अपघातानंतरही लंडन, ब्रायटन अँड साउथ कोस्ट रेल्वेच्या संचालक मंडळाने सरकारी खात्यास हेच मत कळविले होते. हा आक्षेप हास्यास्पद म्हणून सोडून देण्याजोगा नाही. यंत्रावरील विश्वास आणि माणसाची सावधगिरी यांच्या संबंधाविषयीचा तो प्रश्न आजही उभा आहे. तथापि चालकास जे दिसूच शकत नाही त्याविषयी त्यास जबाबदार धरणे म्हणजे जबाबदारी नसलेल्या ठिकाणी दोष ठेवणे होय, हे या आक्षेपास उत्तर आहे.

३. क्लेटनचा बोगदा : संदेश कोणत्या गाडीविषयी?

जागेचे अंतर राखण्याची योजना असतानाही संदेशाचा अर्थ ढळला तर काय होते, हे २५ ऑगस्ट १८६१ रोजी, रविवारी, ब्रायटनजवळील क्लेटनच्या बोगद्यात दिसून आले. हा बोगदा सव्वा मैलाहून अधिक लांब आहे. त्याच्या दोन्ही तोंडांशी एकेक सिग्नलवाला असे, आणि दोघांमध्ये सुईचे तारायंत्र होते. इतरत्र वेळेची पद्धत चालू असली तरी बोगद्यापुरती जागेची पद्धत होती. त्या सकाळी ब्रायटनहून तीन गाड्या अवघ्या काही मिनिटांच्या अंतराने निघाल्या. नियमाप्रमाणे दोन गाड्यांत किमान पाच मिनिटांचे अंतर असावयास हवे होते.

पहिली गाडी बोगद्यात शिरली. तिच्यामागे आपोआप धोक्याकडे वळावयाचा सिग्नल वळला नाही, आणि तशी सूचना देणारी घंटा वाजली. दक्षिणेकडील सिग्नलवाल्याने ‘गाडी बोगद्यात आहे’ असा संदेश उत्तरेस पाठविला. पण तेवढ्यात दुसरी गाडी अगदी जवळ येऊन ठेपली. त्याने धावत जाऊन लाल निशाण दाखविले. चालकाने ते पाहिले की नाही, हे कळण्याआधीच गाडी बोगद्यात दिसेनाशी झाली. त्याने उत्तरेस विचारले : बोगदा मोकळा आहे काय? त्याच सुमारास पहिली गाडी उत्तरेकडून बाहेर पडली होती. तेथील सिग्नलवाल्याने तिला उद्देशून कळविले : मोकळा आहे. दक्षिणेच्या माणसाने हे उत्तर दुसऱ्या गाडीविषयीचे समजून तिसऱ्या गाडीस पांढरे निशाण दाखविले. वास्तविक दुसऱ्या गाडीच्या चालकाने लाल निशाण ओझरते पाहिले होते. त्याने बोगद्यात गाडी थांबवून ती मागे आणावयास प्रारंभ केला होता. तिसरी गाडी तिच्यावर आदळली. तेवीस प्रवासी मृत्यू पावले आणि १७६ जखमी झाले.

या घटनेत कोणीही खोटे बोलले नाही. प्रश्न योग्य होता, उत्तरही त्याच्या परीने खरे होते. तारही बिघडली नव्हती. उणीव होती ती एवढीच की, त्या यंत्रास ‘कोणती गाडी’ हे सांगता येत नव्हते. सुई एका बाजूस वळली तर ‘गाडी आत आहे’ आणि दुसऱ्या बाजूस वळली तर ‘मोकळा आहे’, या दोन वाक्यांपलीकडे त्याची भाषा जात नव्हती. दोन गाड्या आत असू शकतात, ही शक्यताच त्या भाषेत बसत नव्हती. म्हणून ती प्रत्यक्षात आली तेव्हा भाषा मुकी न राहता चुकीचे बोलली.

पुढील काळात ब्लॉक पद्धतीच्या घंटासंकेतांत ही उणीव भरून काढण्यात आली. ब्रिटिश पद्धतीत एक ठोका म्हणजे लक्ष वेधणे. त्यानंतर विशिष्ट वर्गाच्या गाडीसाठी विशिष्ट ठोक्यांनी ‘मार्ग मिळेल काय’ असे विचारावयाचे—जलद उतारू गाडीसाठी चार ठोके. गाडी प्रत्यक्ष विभागात शिरली की दोन. ती बाहेर पडली की दोन आणि एक. प्रत्येक संकेत दुसऱ्या टोकाने तसाच परत वाजवावयाचा. मागणी, स्वीकृती, प्रवेश आणि निर्गम अशा चार पायऱ्यांनी एकेका गाडीचा व्यवहार पुरा झाल्यावाचून दुसरीचा आरंभ होत नाही. त्यामुळे उत्तर कोणत्या गाडीविषयी आहे, हा संशयच उरत नाही.

क्लेटनच्या सिग्नलवाल्याविषयी आणखी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. आठवड्यातून एक पूर्ण दिवस सुटी मिळावी म्हणून त्या रविवारी तो सलग चोवीस तासांच्या कामावर होता. संदेशाचा अर्थ लावणाऱ्या मनुष्याची शारीरिक अवस्था हीदेखील संदेशव्यवस्थेचाच भाग असते, ही जाणीव त्या काळच्या वेळापत्रकांत नव्हती.

४. थॉर्प : संदेश कोणाचा?

दुहेरी मार्गावर गाड्या एकाच दिशेने एकीमागून एक धावतात. एकेरी मार्गावर त्या समोरासमोर येऊ शकतात. तेथे संदेशाचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न अधिक तीव्र होतो. १० सप्टेंबर १८७४ च्या रात्री नॉरिचच्या थॉर्प स्थानकाबाहेर घडलेला अपघात या प्रश्नाचे विदारक उदाहरण आहे. कुक यांची कल्पना तीस वर्षांपूर्वी ज्या मार्गावर प्रथम अवतरली, त्याच मार्गावर हा अपघात व्हावा, हा दैवदुर्विलास होय.

नेहमीच्या क्रमाप्रमाणे यारमथकडून येणारी टपालगाडी ब्रंडल स्थानकावर थांबून राही व लंडनहून आलेली जलदगाडी नॉरिचहून पुढे गेल्यावर सुटे. त्या रात्री जलदगाडीस उशीर झाला. अशा वेळी निरीक्षकाने स्वतः सही केलेली तार पाठवून टपालगाडी आधी बोलावून घ्यावी, असा नियम होता. निरीक्षकाने तारबाबूस तसा मजकूर सांगितला. पण सही केली नाही. तारबाबूने सहीची वाट न पाहता निरीक्षकाच्या नावाने तार पाठवून दिली. इकडे जलदगाडी येऊन पोहोचली आणि सहीची तार गेलेलीच नाही अशा समजुतीने तिला पुढे सोडण्यात आले. चूक ध्यानी येताच टपालगाडी रोखण्याविषयी तार गेली. उत्तर आले, गाडी सुटली आहे. दोन्ही गाड्या पावसाळी अंधारात समोरासमोर आदळल्या आणि पंचवीस माणसे प्राणास मुकली.

तार गाडीहून शतपटीने वेगवान होती. तरीही सुटलेल्या गाडीस ती परत बोलावू शकली नाही. सही ही येथे औपचारिक बाब नव्हती. बोललेला मजकूर म्हणजे विचार, सही केलेला मजकूर म्हणजे आज्ञा, हा भेद ती दाखवीत होती. तो भेद पुसला गेला तेव्हा एकाच्या लेखी आज्ञा सुटली होती, तर दुसऱ्याच्या लेखी ती सुटलीच नव्हती.

५. संदेशाचे वस्तूत रूपांतर

थॉर्पच्या अपघातानंतर चार वर्षांनी, १८७८ मध्ये, एडवर्ड टायर यांनी आपल्या विद्युत्-फलक यंत्राचा शोध लावला. त्यामागील तत्त्व संदेशवहनाच्या अभ्यासकास विशेष उद्बोधक वाटेल. तारेने पाठविलेल्या संदेशाचे लक्षण असे की, तो पाठविल्यावरही पाठविणाऱ्यापाशी राहतो. एकच संदेश दोन ठिकाणी, दोन वेळा, दोन गाड्यांसाठी जाऊ शकतो. वस्तूचे तसे नाही. वस्तू एका वेळी एकाच ठिकाणी असते. एकेरी मार्गावर एकच दंड ठेवून, तो हाती असल्यावाचून कोणत्याही चालकाने विभागात शिरावयाचे नाही, अशी पद्धत आधीपासून होती. ती सुरक्षित होती, पण अडचणीची होती. कारण दंड दुसऱ्या टोकास गेला की तो परत येईपर्यंत त्याच दिशेने दुसरी गाडी सोडता येत नसे. टायर यांनी दोन्ही टोकांस यंत्रे ठेवून त्यांत अनेक फलक भरले आणि यंत्रे विजेने अशी जोडली की, दुसऱ्या टोकाच्या माणसाने सहकार्य केल्यावाचून फलक निघत नाही, आणि एक फलक बाहेर असेपर्यंत दोहोंपैकी कोणत्याही यंत्रातून दुसरा निघत नाही. वस्तूचे एकत्व आणि तारेचा वेग यांचा हा संयोग होता.

भारतातील एकेरी मार्गांवर हेच तत्त्व ‘नील’ यांच्या गोळायंत्राच्या रूपाने दीर्घकाळ परिचित राहिले. त्यातील पोलादी गोळ्यावर त्या विभागाच्या दोन स्थानकांची ओळख कोरलेली असते. हा गोळा चामडी पिशवीत घालून मोठ्या कड्यास अडकवितात आणि न थांबणाऱ्या गाडीचा चालक किंवा त्याचा साहाय्यक ते कडे हातावर झेलतो. हे दृश्य अनेक प्रवाशांनी लहान स्थानकांवर कुतूहलाने पाहिले असेल. त्या कड्यात अडकविलेला गोळा म्हणजे ‘या विभागात तुझ्यावाचून दुसरी गाडी नाही’ या विधानाचे मूर्तरूप होय.

यंत्र बंद पडले तर काय? तेव्हा पुन्हा शब्दांचाच आश्रय घ्यावा लागतो. आणि तेथेही थॉर्पचा धडा विसरलेला दिसत नाही. भारतीय रेल्वेत अशा वेळी चालकास ‘लाइन क्लिअर’चा लेखी कागद दिला जातो, आणि दोन स्थानकांचे स्टेशनमास्तर परस्परांस ‘खासगी क्रमांक’ देतात. दोन अंकी आकड्यांचा, कोणत्याही क्रमाने न लावलेला छापील तक्ता प्रत्येकापाशी असतो. संमती द्यावयाची झाली की तक्त्यातील पुढचा आकडा सांगावयाचा. ऐकणाऱ्याने तो नोंदवहीत लिहावयाचा. वापरलेला आकडा खोडावयाचा. अशा आकड्यावाचून दिलेली संमती ही संमतीच नव्हे. निरर्थक आकडा येथे सहीचे काम करतो.

६. मौनाचा अर्थ

आतापर्यंतचे दोन प्रश्न संदेशाच्या मजकुराविषयीचे होते. तिसरा प्रश्न, संदेश पोहोचलाच नाही तर काय, हा यंत्ररचनेचा आहे. २१ जानेवारी १८७६ रोजी इंग्लंडमधील ॲबट्स रिप्टन येथे मोठे हिमवादळ चालू होते. त्या काळी सिग्नलचा हात सामान्यतः ‘मोकळा’ या स्थितीत ठेवीत आणि गरज पडली म्हणजे धोक्याकडे नेत. हात खांबातील फटीत फिरत असे. फटीत बर्फ साचले. केबिनमधून खटका ओढला गेला, पण हात ‘मोकळा’ या स्थितीतच गोठून राहिला. स्कॉटलंडहून येणारी जलदगाडी कोळशाच्या गाडीवर आदळली आणि थोड्या वेळाने त्या ढिगाऱ्यावर लीड्सकडे जाणारी दुसरी गाडी येऊन धडकली. या अपघातानंतर सिग्नलची सामान्य स्थिती ‘धोका’ ही असावी आणि मार्ग मोकळा झाल्याची खात्री पटल्यावरच हात हलवावा, हा नियम दृढ झाला.

हेच तत्त्व गतिरोधकासही लागू पडते. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमधील आर्मा येथे रविवारशाळेच्या मुलांची सहल घेऊन निघालेली गाडी चढावर अडकली. तिचे मागचे डबे सोडवून पुढचे आधी नेण्याचे ठरले. त्या गाडीचा निर्वात गतिरोधक असा होता की, एंजिनाशी जोडलेली नळी सुटताच मागच्या डब्यांवर तो चालेनासा होई. सुटलेले डबे उतारावरून मागे धावत गेले आणि वेळेचे अंतर ठेवून सोडलेल्या मागच्या गाडीवर आदळले. ऐंशी माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत मुले पुष्कळ होती. वेळेची पद्धत आणि जोडणी तुटल्यावर निकामी होणारा गतिरोधक, हे दोन्ही जुने दोष येथे एकत्र आले होते. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने कायदा करून उतारूंच्या मार्गांवर ब्लॉक पद्धती, सांधे व सिग्नल यांचे परस्परबंधन आणि नळी तुटताच आपोआप लागू होणारा गतिरोधक या तिन्ही गोष्टी सक्तीच्या करण्याची व्यवस्था केली.

यांपैकी परस्परबंधनाचा उगम जॉन सॅक्सबी यांच्या १८५६ च्या पेटंटापर्यंत मागे जातो. सांधा एका मार्गाकडे वळलेला आणि सिग्नल दुसऱ्या मार्गासाठी मोकळा, असे परस्परविरोधी विधान खटक्यांच्या साह्याने करताच येऊ नये, ही त्यातील योजना. व्याकरणाने अशुद्ध वाक्य उच्चारणेच अशक्य करून टाकावे, तसे हे आहे.

याच विचाराचे सर्वांत परिपूर्ण रूप म्हणजे अमेरिकेतील विल्यम रॉबिन्सन यांचे १८७२ चे रूळ-मंडल. विभागाच्या दोन्ही रुळांतून मंद विद्युत्‌प्रवाह सोडतात आणि तो दुसऱ्या टोकाच्या चुंबकास जागृत ठेवतो. गाडी आत आली की तिची चाके व आस दोन्ही रूळ जोडतात, प्रवाह चुंबकापर्यंत पोहोचत नाही आणि सिग्नल धोक्याकडे जातो. परंतु रूळ तुटला, तार सुटली वा विजेचा घट संपला, तरीही परिणाम तोच होतो. प्रवाह अखंड असेपर्यंतच मार्ग मोकळा. तो कोणत्याही कारणाने खंडित झाला की धोका. मुंबई व्ही. टी. ते भायखळा या भागात ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने १९२८ मध्ये बसविलेले स्वयंचलित रंगीत दिव्यांचे सिग्नल हे भारतातील या पद्धतीचे आद्य उदाहरण होय. मुंबईच्या उपनगरी मार्गावर काही मिनिटांच्या अंतराने गाड्या धावू शकतात, त्याच्या मुळाशी हेच तत्त्व आहे.

७. स्मृती आणि नोंद

संदेश बरोबर पोहोचला, त्याचा अर्थही बरोबर लागला, तरी तो विसरला जाऊ शकतो. २२ मे १९१५ रोजी स्कॉटलंडमधील क्विंटिन्सहिल येथे एक स्थानिक गाडी मुख्य मार्गावर उभी करून ठेवलेली होती. नव्याने कामावर आलेला सिग्नलवाला त्याच गाडीने तेथे आला होता. तरीही थोड्याच वेळात तो तिला विसरला आणि त्याने सैनिकांची गाडी त्याच मार्गावर स्वीकारली. पाठोपाठ लंडनहून आलेली जलदगाडी अवशेषांवर आदळली, आग लागली आणि दोनशेहून अधिक माणसे मेली. दोघा सिग्नलवाल्यांना तुरुंगवासाची शिक्षा झाली.

विस्मृतीवर उपाय नव्हते असे नाही. उभ्या गाडीच्या मार्गाच्या खटक्यावर एक कडे अडकवून ठेवावयाचे, म्हणजे तो ओढता येत नाही. शिवाय गाडीच्या माणसाने केबिनमध्ये जाऊन आठवण द्यावयाची आणि नोंदवहीत सही करावयाची, असे नियम होते. त्या दिवशी सही झाली. कडे मात्र अडकविले गेले नाही. पाळी बदलल्याची अनियमित वेळ लपविण्यासाठी नवा सिग्नलवाला आधीच्या नोंदी आपल्या हस्ताक्षरात उतरवून घेण्यात गुंतला होता. नोंद ही स्मृतीस साह्य करण्यासाठी असते; ती केवळ वरिष्ठांस दाखविण्यासाठी लिहिली जाऊ लागली की तिचे हे काम संपते. क्विंटिन्सहिलला रूळ-मंडल असते, तर उभ्या गाडीच्या चाकांनीच तिचे अस्तित्व सांगितले असते.

८. उपसंहार

या इतिहासाची इतकी तपशीलवार माहिती उपलब्ध आहे, याचे श्रेय दोन परंपरांना आहे. ब्रिटनमध्ये १८४० पासून रेल्वे-निरीक्षकांची स्वतंत्र व्यवस्था आहे. क्लेटनच्या चौकशीचे कॅप्टन टायलर हे अशाच निरीक्षकांपैकी होते. त्यांचे अहवाल प्रसिद्ध होत, त्यामुळे एका मार्गावरील चूक दुसऱ्या मार्गाचा धडा बनू शकली. भारतात ही जबाबदारी रेल्वे सुरक्षा आयुक्तांकडे आहे आणि ते रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे, तर नागरी विमानवाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात. दुसरी परंपरा हौशी रेल्वेप्रेमींची. एल. टी. सी. रोल्ट यांनी १९५५ मध्ये या अपघातांचा इतिहास ग्रंथरूपाने मांडला. १९५१ मध्ये वेल्समधील टॅलिलिन रेल्वे स्वयंसेवकांनी चालविण्यास घेतली, त्या उपक्रमातही त्यांचा पुढाकार होता. जुनी यंत्रे, फलक, दंड व खटके हौसेने जपणाऱ्या माणसांकडे विद्वानांनी कौतुकमिश्रित उपेक्षेने पाहण्याची रीत आहे. परंतु खटका प्रत्यक्ष ओढून पाहिल्यावाचून परस्परबंधनाचे तर्कशास्त्र नीट समजत नाही. आणि अशी वस्तू एकदा मोडीत गेली की कागदावरील वर्णनाने तिची उणीव भरून निघत नाही.

हे प्रश्न इतिहासजमा झालेले नाहीत. २ जून २०२३ रोजी ओडिशातील बालासोर जिल्ह्यात बहानगा बाजार स्थानकावर कोरोमंडल एक्सप्रेसला मुख्य मार्गासाठी हिरवा सिग्नल मिळाला होता. सांधा मात्र बाजूच्या मार्गाकडे वळलेला होता. गाडी तेथे उभ्या असलेल्या मालगाडीवर आदळली, तिचे डबे दुसऱ्या उतारूगाडीच्या मार्गात आले आणि अडीचशेहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. जे विधान करणे परस्परबंधनाने अशक्य करावयाचे, तेच विधान विद्युत्-मंडलाच्या जोडणीतील दोषांमुळे शक्य झाले होते. फाटकाजवळील पेटीतील तारांवर चुकीच्या खुणा होत्या व त्या दीर्घकाळ कोणाच्या लक्षात आल्या नव्हत्या, असे चौकशीत निष्पन्न झाले. क्लेटनला ‘मोकळा’ या शब्दाचा विषय चुकला. येथे तारेचे नाव चुकले. दीडशेहून अधिक वर्षांत यंत्रे पालटली, पण नाव आणि वस्तू यांचा मेळ राखण्याचे काम माणसाकडेच राहिले. ‘कवच’ ही २०२० मध्ये राष्ट्रीय स्तरावर स्वीकारलेली स्वयंचलित रक्षणप्रणाली चालकाने सिग्नल ओलांडू नये याची काळजी घेते. परंतु सिग्नलच चुकीचे बोलू लागला तर त्याच्या मुळाशी असलेल्या जोडणीची तपासणी हाच उपाय उरतो.

एकंदर विवेचनावरून चार निकष हाती येतात. संदेश कशाविषयी आहे, हे त्याच्या रचनेतच निःसंदिग्ध असावे. तो कोणाच्या अधिकाराने निघाला, हे पडताळता यावे. तो स्मृतीवर न सोपविता अडथळा बनू शकेल अशा वस्तूत किंवा यंत्रात साठवावा. आणि संदेश न मिळणे याचा अर्थ नेहमी ‘थांबा’ असाच व्हावा. रेल्वेने हे निकष एकेका अपघातानंतर शिकून घेतले. जेथे एकाच्या शब्दावर दुसऱ्याचे प्राण अवलंबून असतात, अशा रुग्णालयातील शस्त्रक्रियागृहात, विमानतळाच्या मनोऱ्यात किंवा धरणाच्या दारांपाशी, तेथे तेथे हे निकष लावून पाहण्याजोगे आहेत. आणि त्यासाठी अपघाताची वाट पाहण्याचे प्रयोजन नाही.